नॉर्वेत सापडलेली शांघायची मायाविनी : १९२७ च्या एका स्वस्त मायापटाचं प्रकरण

२०११ साली नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जुन्या नायट्रेट फिल्मच्या रिळांची छाननी चालू होती. या ग्रंथालयाचा एक मोठा विभाग मो-इ-राना या गावी आहे, आर्क्टिक वृत्ताच्या थोडा दक्षिणेला. तिथल्या डब्यांतून एक मूकपट निघाला. त्यातल्या मजकुराच्या पाट्यांवर चिनी आणि नॉर्वेजियन अशा दोन्ही भाषा होत्या. तपास केल्यावर कळलं, की हा 'पान्सी तुंग', म्हणजे 'रेशमी जाळ्यांची गुहा'. १९२७ साली शांघायमध्ये बनलेला आणि कायमचा गेला असं समजून इतिहासकारांनी ज्याचा नाद सोडला होता, तो चित्रपट.

हरवलेला चित्रपट सापडला की त्याला अभिजात कलाकृती म्हणायची पद्धत पडली आहे. या चित्रपटाच्या बाबतीत तसं म्हटलं तर त्याचं खरं मोल झाकलं जाईल. बायकांचं रूप घेणारे कोळी, डुक्करतोंड्या शिष्य, तलवारींच्या चकमकी आणि शेवटी पेटणारी गुहा, असा हा ऐवज. एका छोट्या कंपनीनं गर्दी खेचण्यासाठी तो काढला आणि १९२७ च्या चिनी नववर्षाच्या सुमारास पडद्यावर आणला. गर्दी झालीही. पुढे १९२९ मध्ये त्याचा दुसरा भागसुद्धा निघाला. मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं ते याच स्वस्तपणामुळे. सिनेमा नावाच्या माध्यमाला जे जमतं आणि रंगभूमीला जमत नाही, त्याचे पहिले प्रयोग अशा मायापटांतच झाले. आणि नासधूस सुरू झाली तेव्हा पहिला बळी गेला तोही याच चित्रपटांचा.

गोष्ट

मूळ कथा 'पश्चिमेची यात्रा' या सोळाव्या शतकातल्या चिनी कादंबरीची. तिची सर्वांत जुनी उपलब्ध छापील प्रत १५९२ ची आहे आणि परंपरेनं ती वू छंग-अन यांच्या नावावर लावतात. तांग राजवटीतला एक भिक्षू बौद्ध ग्रंथ आणायला भारताकडे निघतो. सोबत तीन शिष्य असतात: वानरराज सुन वुकुंग, डुक्करतोंड्या चू पाच्ये आणि वाळूच्या नदीतून आलेला शा वुचिंग. वाटेत पावलोपावली मायावी प्राणी आडवे येतात. कारण या पुण्यवान भिक्षूचं मांस खाल्लं तर अमर होता येतं, अशी त्यांची समजूत.

आपल्याला हा भिक्षू शाळेच्या इतिहासात भेटलेला आहे. तोच ह्युएनत्संग. सातव्या शतकात तो खरोखर महाराष्ट्रातून गेला, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्याबद्दल त्यानं लिहून ठेवलं आणि इथल्या माणसांबद्दलही. उपकार न विसरणारी, अपमान झाला तर जिवावर उदार होऊन सूड घेणारी, असं त्याचं निरीक्षण आहे. डोंगरात कोरलेल्या ज्या विहारांचं वर्णन त्यानं केलं ते अजिंठ्याचे असावेत, असं अभ्यासक मानतात. अशा अभ्यासू प्रवाशाचा चिनी लोककथांनी नऊशे वर्षांत एक भोळा, घाबरट, सतत कुणाच्या तरी जाळ्यात सापडणारा गुरू करून टाकला. इतिहासातला ह्युएनत्संग मला आदरणीय वाटतो आणि कादंबरीतला जवळचा.

कोळ्यांचा प्रसंग कादंबरीच्या ७२ आणि ७३ व्या प्रकरणांत येतो. रोज शिष्य भिक्षा आणतात, आज मी जातो, असं म्हणून गुरू एकटाच एका घराकडे जातो. घरात सात सुंदर बायका. त्या सात कोळी असतात. बेंबीतून रेशमाचे धागे सोडून त्या त्याला आढ्याला टांगतात आणि गरम पाण्याच्या झऱ्यावर आंघोळीला निघून जातात. वानरराज ससाण्याचं रूप घेऊन त्यांचे कपडे पळवतो. चू पाच्ये त्याच्याही पुढचा. तो मासा होऊन झऱ्यातच उतरतो आणि त्यांच्या पायांमधून सळसळत फिरतो. कृष्णानं गोपींची वस्त्रं पळवल्याची गोष्ट लहानपणापासून ऐकणाऱ्या वाचकाला हा प्रसंग परका वाटायचा नाही.

चित्रपटात एक मोठा बदल आहे. कादंबरीतल्या मायाविनींना गुरूला शिजवून खायचं असतं, तर चित्रपटातल्या मुख्य मायाविनीला त्याच्याशी लग्न करायचं असतं. त्यामुळे सगळा ताण बदलून जातो. जेवणाच्या पातेल्याऐवजी लग्नाची तयारी दिसते आणि भयाच्या जागी लोभ येतो. शिष्य गुहेवर चाल करून येतात, हाणामारी होते आणि गुहेला आग लागते. हा बदल धंद्याच्या हिशोबानंच केलेला असणार, कारण मुख्य मायाविनीची भूमिका कंपनीच्या तारकेची होती आणि तारकेला प्रेक्षकांसमोर नुसतं स्वयंपाकघरात उभं करून भागत नाही. पण त्यामुळेच मायाविनीला इच्छा मिळाली, चेहरा मिळाला. कादंबरीत त्या सातजणींमध्ये फारसा फरकच करता येत नाही.

चित्रकाराची कंपनी

दिग्दर्शक दान दुयू यांचा जन्म १८९७ चा. ते मूळचे चित्रकार. शांघायमध्ये तेव्हा सुंदर स्त्रियांच्या चित्रांच्या दिनदर्शिका आणि मासिकांची मुखपृष्ठं यांचा मोठा बाजार होता आणि त्यात त्यांचं नाव होतं. जुना कॅमेरा विकत घेऊन तो स्वतःच खोलून-जोडून ते चित्रीकरण शिकले, असं त्यांच्याबद्दल सांगतात. १९२० मध्ये त्यांनी स्वतःची छोटी चित्रपट कंपनी काढली. दिग्दर्शन तेच करायचे, कॅमेराही बरेचदा त्यांच्याच हाती असायचा, नेपथ्यावर नजरही त्यांचीच. त्यांच्या पहिल्या कथापटाची नायिका यिन मिंगचू पुढे त्यांची पत्नी झाली. परदेशी फॅशनचे कपडे घालणारी, सायकल आणि घोडा चालवणारी ही मुलगी शांघायमध्ये आधीच 'मिस एफ. एफ.' या नावानं ठाऊक होती. 'पान्सी तुंग' मधली मुख्य मायाविनी तीच.

हे वाचताना मला आपल्याकडची दोन माणसं आठवल्याशिवाय राहत नाहीत. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी राजा रविवर्मांच्या छापखान्याशी जोडलेले होते आणि पुढे लोणावळ्याला त्यांनी स्वतःचा छापखाना काढला. देवादिकांची घरोघर टांगली जाणारी रंगीत चित्रं कशी बनतात आणि लोक त्यांच्याकडे कसे पाहतात, हे त्यांना हातातून माहीत होतं. कोल्हापुरात बाबूराव पेंटर रंगभूमीचे पडदे रंगवायचे. त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव १९१६ मध्ये वारल्यावर त्यांनी सहकारी विष्णुपंत दामले यांच्या मदतीनं कॅमेराच स्वतः बनवला. नाशिक, कोल्हापूर आणि शांघाय यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तरी तिन्ही ठिकाणी लोकप्रिय चित्रं काढणारा, यंत्राशी झटणारा माणूस कॅमेऱ्याकडे वळला आणि देव, राक्षस, मायावी प्राणी यांच्यात रमला. हा मला योगायोग वाटत नाही. भिंतीवरच्या चित्रातला शेषनाग किंवा अप्सरा हलली तर कशी दिसेल, हा प्रश्न चित्रकारालाच आधी पडणार.

घरच्यांना कामाला लावणं हेही फाळके आणि दान दुयू यांच्याकडे सारखंच. फाळक्यांच्या घरी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायच्या, धुवायच्या, युनिटचं जेवण बघायच्या. दान दुयूंच्या कंपनीत पत्नी नायिका होती आणि नात्यातली मुलं पडद्यावर दिसायची. अशा कंपन्यांच्या वह्यांत 'निर्मितीखर्च' असा वेगळा रकाना काढणंच अवघड, कारण निम्मी मजुरी घरातली.

बाईचा कोळी कसा करायचा

पैसा कमी आणि गोष्टीत मात्र दर दहा मिनिटांनी कुणीतरी रूप बदलणार. ही अडचण कशी सोडवतात?

त्या काळी जगभर दोन युक्त्या चालायच्या. पहिली सोपी. कॅमेरा थांबवायचा, दृश्यातल्या सगळ्यांनी आहे तिथे गोठायचं, एकाला काढून त्याच्या जागी दुसरं काही ठेवायचं आणि कॅमेरा पुन्हा सुरू करायचा. पडद्यावर पापणी लवायच्या आत माणसाचा प्राणी होतो. गोठलेल्यांपैकी कुणाचा हात दोन बोटं जरी हलला तरी झटका दिसतो.

दुसरी युक्ती जास्त सुंदर आणि जास्त जोखमीची. हातानं फिरवायच्या कॅमेऱ्याच्या मुठीचा एक फेरा म्हणजे फिल्मच्या आठ चौकटी. सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चौकटी, ही तेव्हाची सर्वसाधारण गती. बाई जागेवर उभी आहे. कॅमेरामन एका हातानं मूठ फिरवत दुसऱ्या हातानं भिंगामागचं छिद्र हळूहळू मिटत नेतो. समजा, सहा फेऱ्यांत पूर्ण अंधार झाला. मग भिंग झाकून तेवढेच सहा फेरे उलटे फिरवायचे आणि फिल्म मागे घ्यायची. तोवर बाई बाजूला झालेली असते आणि तिच्या जागी कोळ्याचं सोंग आलेलं असतं. आता सहा फेरे सुलटे, आणि या वेळी छिद्र मिटलेल्यापासून उघडत न्यायचं. फिल्म धुतल्यावर बाई विरत जाताना दिसते आणि तिच्याच अंगातून कोळी उमटत येतो.

हे सगळं एकाच निगेटिव्हवर होतं. फेऱ्यांचा हिशोब एकानं चुकला तर मध्येच काळा खड्डा पडतो. तिवईला कुणाचा पाय लागला तर मागची भिंत थरथरते. उघड्यावर, सूर्यप्रकाशात काम चालू असेल आणि दरम्यान ढग आला तर आधीचा अर्धा भाग उजळ आणि नंतरचा मंद येतो. चूक झाली आहे हे कळतं फिल्म धुतल्यानंतर, म्हणजे सोंगं उतरवून सगळे घरी गेल्यावर. या कामाला पैसा फारसा लागत नाही, पण तोंडातल्या तोंडात फेरे मोजणारा, हात न थरथरणारा माणूस लागतो. म्हणून मी या चित्रपटांना 'बाळबोध' म्हणणाऱ्यांशी नेहमी भांडतो. एकदा स्वतः मोजून बघावं.

आपल्याकडे याचा उत्तम नमुना टिकलेला आहे. फाळक्यांच्या 'कालिया मर्दन' (१९१९) च्या सुरुवातीला त्यांची मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर येते आणि चेहऱ्यावर एकामागून एक भाव दाखवते. साधी लहान मुलगी. मग ती विरते आणि तिच्या जागी मोरपीस लावलेला कृष्ण उमटतो. तोही तीच. गोष्ट सुरू होण्याआधीच फाळक्यांनी आपली युक्ती प्रेक्षकांसमोर उलगडून ठेवली. ही माझी मुलगी, हा तिचा कृष्ण, आता बघा. लपवाछपवी नाही, आणि तरी पुढे तो कृष्ण यमुनेत उडी घेतो तेव्हा जीव वरखाली होतोच.

'पान्सी तुंग' चं मोठं आकर्षण होतं झऱ्यावरच्या आंघोळीचं दृश्य. पाण्याखालच्या चित्रीकरणाचा चीनमधला अगदी सुरुवातीचा प्रयत्न म्हणून त्याची नोंद होते. त्यावर तेव्हाच टीका झाली, आणि ती सगळीच चुकीची होती असं मी म्हणणार नाही. ओल्या अंगाच्या बायका दाखवून तिकिटं विकायचा हेतू त्यात उघड आहे. दिनदर्शिकेवरची सुंदरी पाण्यात उतरवली एवढंच, असंही कुणी म्हणेल. पण यिन मिंगचूच्या मायाविनीत शरमेचा लवलेश नाही. ती पाहून घेते, ठरवते, हुकूम सोडते. घाबरून अंग चोरतो तो भिक्षू. १९२७ साली पडद्यावरच्या एका स्त्रीला एवढी सत्ता मिळाली ती ती 'माणूस' नव्हती म्हणूनच, आणि मायापटांबद्दल बोलताना ही गोष्ट सुटून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी नायिका शोधताना फाळक्यांना तारामतीसाठी अण्णा साळुंके या पुरुषाला उभं करावं लागलं होतं, हे शेजारी ठेवून बघावं.

हाणामारीबद्दल थोडक्यात. आज कुंगफू म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती झपाट्याची, तारांवर उडणारी लढाई इथे नाही. त्या काळच्या चिनी पडद्यावरची लढत पारंपरिक संगीत रंगभूमीवरून उचललेली असायची. पवित्रे, गिरक्या, तलवारीचे ठरलेले वार. पुढच्या चाळीस वर्षांत त्याचं काय झालं ते पाहायचं असेल तर हीच गोष्ट हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स कंपनीनं १९६७ मध्ये रंगीत काढली, ती पाहावी. तिथे पैसाही आहे आणि मोठा स्टुडिओही.

गायब कसा झाला

'पान्सी तुंग' नंतर वर्षभरात शांघायमध्ये मायापटांची आणि तलवारबाजीच्या चित्रपटांची लाटच आली. १९२८ मध्ये मिंगशिंग कंपनीनं 'लाल कमळाच्या मंदिराचं दहन' हा चित्रपट काढला. दिग्दर्शक चांग शिच्वान. तो इतका चालला की १९३१ पर्यंत त्याचे एकूण अठरा भाग निघाले. चिनी चित्रपटाच्या इतिहासात १९२८ ते १९३१ या काळातल्या सुमारे चारशे चित्रपटांपैकी अडीचशेच्या आसपास याच प्रकारचे होते, असं नोंदलेलं आहे. आग्नेय आशियातले चिनी वस्तीचे चित्रपटगृहवाले या प्रती आगाऊ पैसे देऊन उचलत, म्हणून छोट्या कंपन्याही तग धरून होत्या.

लेखक माओ दुन यांनी १९३३ मध्ये लिहिलेल्या लेखात या चित्रपटांच्या प्रेक्षकांचं चित्र रेखाटलं आहे. पडद्यावर नायकांच्या उडत्या तलवारी एकमेकींवर आदळू लागल्या की चित्रपटगृहात आरोळ्या उठत, टाळ्या पडत, जणू समोर खरीच लढाई चालली आहे. माओ दुन यांना ते आवडलं नव्हतं. सुशिक्षित, सुधारणावादी मंडळींचं मत सर्वसाधारणपणे असंच होतं: देश संकटात असताना जनतेला भुताखेतांत गुंगवणं पाप आहे. नानचिंगच्या राष्ट्रवादी सरकारनं १९३१ च्या सुमारास चित्रपट परीक्षण समितीमार्फत देव-राक्षसांच्या चित्रपटांवर बंदी आणली. कारण दिलं अंधश्रद्धेचं.

अंधश्रद्धेविरुद्धच्या लढ्याची मोठी परंपरा ज्या महाराष्ट्राला आहे, तिथे बसून मी या बंदीचा हेतू समजू शकतो. उपाय मात्र चुकला होता. कोळी बाई होतो हे पडद्यावर बघून टाळ्या वाजवणारा माणूस घरी जाऊन कोळ्याची पूजा करत नाही. त्याला युक्ती आवडलेली असते. आणि बंदीचा एक परिणाम कागदावर दिसत नाही तो असा, की ज्या चित्रपटाला प्रदर्शनाची परवानगी मिळणार नाही, त्याची प्रत सांभाळायला कुणी जागेचं भाडं भरत नाही.

त्यात भर पडली युद्धाची. जानेवारी १९३२ मध्ये जपानी सैन्यानं शांघायवर हल्ला केला. चापेइ भाग बॉम्बफेकीत आणि आगीत बेचिराख झाला आणि तिथले स्टुडिओ, भांडारं गेली. १९३७ मध्ये पुन्हा तेच. दान दुयू पुढे हाँगकाँगला गेले आणि १९७२ मध्ये वारले. आपला चित्रपट कुठल्या तरी बर्फाळ गावात डब्यात बंद आहे, हे त्यांना कधी कळलं नाही.

बाकीचं काम नायट्रेटनं केलं. १९५० च्या सुरुवातीपर्यंत चित्रपटाची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असायची. ती एकदा पेटली की विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या स्वतःच्या रसायनात असतो. पाण्यात बुडवली तरी जळत राहते. पेटली नाही तरी ती स्वतःहून कुजते. आधी चित्र पिवळट होऊन फिकं पडतं, मग थर चिकट होतो, मग रिळाच्या वेढ्यांवर फेस आल्यासारखे फोड येतात, वेढे एकमेकांत थिजून दगड होतो आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. उष्ण आणि दमट हवेत हे सगळं झपाट्यानं होतं. शांघायचा उन्हाळा काय आणि मुंबईचा पावसाळा काय, नायट्रेटला दोन्ही वाईट.

आज 'लाल कमळा'च्या अठरा भागांपैकी एकही पूर्ण उपलब्ध नाही. त्या लाटेतला 'लाल नायिका' (१९२९) हा तेरा भागांच्या मालिकेतला सहावा भाग तेवढा पूर्ण टिकला आहे. म्हणूनच नॉर्वेतल्या सापडण्याला एवढं मोल आहे.

वाटेच्या शेवटचं गाव

१८ जानेवारी १९२९ रोजी ओस्लोच्या कोलोसियम चित्रपटगृहात हा चित्रपट लागला. नॉर्वेत दाखवलेला हा पहिला चिनी चित्रपट मानतात. तिथे त्याचं नाव होतं 'एडरकोपेने', म्हणजे 'कोळी'. चिनी मजकुराच्या जोडीला नॉर्वेजियन मजकूर आला. तो लिहिणाऱ्यानं भाषांतराची मर्यादा फारशी पाळली नाही, पदरचे विनोदही घातले. सुरुवातीचा काही भाग सोडला तर सुमारे तासाभराचा चित्रपट त्या प्रतीत शिल्लक राहिला.

दूरच्या गावी प्रत टिकते याला एक धंद्याचं कारण आहे. मूकपटांच्या काळात एकच प्रत गावोगाव फिरायची. शेवटच्या गावी पोचेपर्यंत ती झिजलेली असायची, चित्रपट जुना झालेला असायचा आणि परत पाठवण्याचा खर्च प्रतीच्या किमतीपेक्षा जास्त व्हायचा. मग ती तिथेच राहायची. कॅनडाच्या युकॉन प्रदेशात डॉसन सिटी या गावी १९७८ मध्ये जमीन खणताना पाचशेहून अधिक रिळं निघाली. १९२९ मध्ये बुजवलेल्या पोहण्याच्या तलावात ती भरण म्हणून टाकलेली होती आणि गोठलेल्या मातीनं सांभाळली. थंडी आणि आळस यांनी चित्रपटाच्या इतिहासाचं जेवढं भलं केलं तेवढं कित्येक सरकारांनी केलेलं नाही.

अशी प्रत हाती आली की ती लगेच यंत्रावर चढवत नाहीत. रीळ मेजावर घेऊन हातानं, अगदी सावकाश, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गुंडाळत जायचं. कडेच्या भोकांवरून बोट फिरवून फाटलेली भोकं शोधायची. जुने सांधे तपासायचे, कारण डिंक वाळून ते सुटायला आलेले असतात. फिल्म किती आक्रसली आहे ते मोजायचं. शेकड्याला एक एवढंच आक्रसणं झालं तरी साध्या यंत्राचे दाते भोकांत बसत नाहीत आणि फिल्म उसवत जाते. हे सगळं झाल्यावर मग प्रतिमा उतरवून घ्यायचं काम. नॉर्वेच्या ग्रंथालयानं ते केलं, २०१३ मध्ये ओस्लोच्या महोत्सवात चित्रपट पुन्हा लोकांसमोर आला आणि २०१४ मध्ये बीजिंगच्या चिनी चित्रपट संग्रहालयाकडे त्याची प्रत सुपूर्द झाली.

या प्रकरणातला मला सर्वांत कामाचा वाटणारा धडा नोंदणीचा आहे. तो डबा नॉर्वेत इतकी वर्षं होता, चोरलेला किंवा लपवलेला नव्हता. पण नाव बदललेलं, मजकूर बदललेला आणि चित्रपट परक्या देशाचा. नॉर्वेजियन चित्रपटांचा अभ्यास करणाऱ्याला त्याच्याशी देणंघेणं नाही आणि चिनी चित्रपटांचा अभ्यास करणारा नॉर्वेत शोधायला जाणार नाही. दोन अभ्यासांच्या बरोबर मध्ये तो पडून राहिला.

आपल्याकडेही हे घडलेलं आहे. भारतात तेराशेच्या घरात मूकपट बनले आणि त्यांतले अगदी थोडे, तेही बरेचसे तुकड्यांत, आज आहेत. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झालं, म्हणजे मूकपट बंद पडून तीस वर्षं उलटल्यावर. हे संग्रहालय उभं करणाऱ्या पी. के. नायर यांनी पुढची कित्येक वर्षं घरोघर, गोदामोगोदामी फिरून जे मिळालं ते वाचवलं. तोवर पुष्कळ रिळं फिल्ममधली चांदी काढण्यासाठी भट्टीत गेली होती. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच, प्रभातच्या जुन्या आवारातल्या नायट्रेट भांडाराला आग लागली आणि जमवलेल्यातलंही गेलं. बाबूराव पेंटरांची 'सैरंध्री' (१९२०) आणि 'सावकारी पाश' (१९२५) यांच्याबद्दल आपण आज वाचू शकतो, पाहू शकत नाही. त्यांचा 'मुरलीवाला' मात्र संग्रहात आला. तो १९२७ चा, म्हणजे शांघायच्या त्या मायाविनीच्याच वर्षाचा.

२०१६ मध्ये मदन थिएटर्सच्या 'बिल्वमंगल' (१९१९) या चित्रपटाचा ५९४ मीटरचा भाग पॅरिसच्या सिनेमाटेक फ्राँसेजकडून डिजिटल रूपात पुण्याला मिळाला. बदल्यात पुण्यानं 'जमाई बाबू' या १९३१ च्या मूकपटाची प्रत दिली. अदलाबदलीचा हा मार्ग उघडा आहे आणि तो अजून जोरात वापरायला हवा.

सुरुवात कुठून करावी असं मला कुणी विचारलं तर मी १९१४ चं लंडन सांगेन. त्या वर्षी फाळके आपले तीन चित्रपट तिथे घेऊन गेले होते: 'राजा हरिश्चंद्र', 'सत्यवान सावित्री' आणि 'मोहिनी भस्मासूर'. तिसऱ्यात कमलाबाई आणि त्यांच्या आई दुर्गाबाई कामत यांनी कामं केली. विष्णू बाईचं रूप घेऊन राक्षसाला नाचवतो, ही त्याची गोष्ट. म्हणजे रूप पालटणाऱ्या मायाविनीचा आपला पहिला चित्रपट. लंडनच्या चित्रपटविषयक साप्ताहिकांत तेव्हा कोणत्या इंग्रजी नावांनी त्यांची दखल घेतली गेली, याची यादी आधी करावी. मग ब्रिटनमधल्या आणि आसपासच्या देशांतल्या संग्रहालयांच्या ज्या डब्यांवर 'भारतीय, शीर्षक अज्ञात' असं लिहिलेलं असेल, त्यांच्याशी ती नावं ताडून पाहावीत. परदेशात राहणाऱ्या, मराठी वाचता येणाऱ्या माणसाला हे काम घरबसल्याही सुरू करता येईल, कारण या नोंदवह्या आता बऱ्याच ठिकाणी संगणकावर आल्या आहेत आणि एखाद्या चौकटीत देवनागरीतली एखादी पाटी दिसली तर ती वाचणारा माणूस त्या संग्रहालयांकडे सहसा नसतो.